पावणेदोन किलो वांगी



जळगाव शहरापासून थोड्याच अंतरावर असोदा नावाचे गाव आहे. या गावाचे नाव दोन कारणांनी दूरवर पोहोचले आहे. एक म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी. त्यांचा जन्म १८८० साली याच गावी झाला. दुसरे कारण म्हणजे भरताची वांगी. ही वांगी मोठी आणि फिकट हिरव्या रंगाची असतात. त्यांत बिया कमी असतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर ती भाजली की साल सहज निघते. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे हे वांगे या मातीचे आहे, असे सरकारदरबारी नोंदले गेले.

आता समजा, तुमच्या घरी पाहुणे यायचे आहेत. अम्मी तुम्हांला दोनशे रुपयांची नोट देते आणि म्हणते, "जा, भरताची वांगी घेऊन ये." तुम्ही भाजीवालीपुढे उभे राहता.

"मावशी, वांगी कशी दिली?"

"साठ रुपये किलो, बेटा. किती देऊ?"

"पावणेदोन किलो द्या."

"हे घे. एकशे पाच झाले."

संवाद एवढाच. पण या चार वाक्यांत किती गोष्टी आल्या, ते पाहा. भाव विचारला, माप सांगितले, हिशेब झाला. आता नोट द्यायची आणि उरलेले पैसे मोजून घ्यायचे. घरी उर्दू बोलणाऱ्या आणि शाळेत उर्दूतून शिकणाऱ्या मुलाला यांपैकी प्रत्येक पायरीवर थोडे अडखळायला होते. गणित त्याला येत असते. अडते ते मराठी आकड्यांपाशी. मग तो काही न विचारता नोट पुढे करतो आणि हातात येईल ते खिशात टाकतो. मी वर्गात विचारतो, "उरलेले पैसे मोजून घेता का?" तेव्हा बरीच मुले खाली पाहतात.

म्हणून या पाठात आपण बाजाराची मराठी आणि बाजाराचा हिशेब या दोन्ही गोष्टी एकत्र शिकू.

आधी एक आनंदाची गोष्ट सांगतो. बाजाराची निम्मी मराठी तुम्हांला येतेच. बाजार, दुकान, तराजू, वजन, किंमत, हिशेब, जमा, खर्च, बाकी, रक्कम, नफा, सराफ हे सारे शब्द अरबी आणि फारसीतून मराठीत आले आहेत. ते तुमच्या घरातही रोज बोलले जातात. सुट्या नाण्यांना मराठीत 'खुर्दा' म्हणतात, तोही फारसीच. फरक आहे तो लिंगाचा. उर्दूत 'दुकान' स्त्रीलिंगी आहे, मराठीत 'ते दुकान'. उर्दूत 'वजन' पुल्लिंगी आहे, मराठीत 'ते वजन'. किंमत मात्र दोन्हीकडे स्त्रीलिंगी. एवढी चूक झाली तरी भाजीवाली काही रागावत नाही. तिला तुमचे म्हणणे कळते.

पैशांची चूक होते ती आकड्यांच्या नावांत. त्यातली सर्वांत फसवी नावे 'एकोण'ने सुरू होणारी आहेत. दुकानदार म्हणतो, "एकोणसाठ रुपये." उर्दू माध्यमाच्या मुलाच्या कानावर 'एक' आणि 'साठ' हे दोन आवाज पडतात आणि त्याला 'इकसठ' आठवते. तो एकसष्ट रुपये काढून देतो. खरे तर एकोणसाठ म्हणजे ५९. दोन रुपये जास्त गेले! तसेच 'एकोणतीस' म्हणजे २९, पण ऐकणाऱ्याला ते 'इकतीस' वाटते. 'एकोणचाळीस' म्हणजे ३९, ते 'इकतालीस' वाटते. 'एकोणसत्तर' म्हणजे ६९, ते 'इकहत्तर' वाटते. प्रत्येक ठिकाणी दोनाचाच फरक पडतो.

यावर उपाय सोपा आहे. 'एकोण' या शब्दात 'एक' आणि 'ऊन' असे दोन शब्द आहेत. 'ऊन' म्हणजे कमी. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. उर्दूतल्या 'उन्नीस', 'उनतीस', 'उनसठ' या शब्दांतला 'उन' हाच आहे. तेव्हा 'एकोण' ऐकले की पुढचा आकडा पकडायचा आणि त्यातून एक वजा करायचा. मराठी येथे उर्दूपेक्षा जरा सरळ चालते. उर्दूत ८९ ला 'नवासी' म्हणतात, तेथे 'उन' नाहीसा होतो. मराठीत मात्र 'एकोणनव्वद' असेच म्हणतात. फक्त ९९ च्या वेळी मराठीही नियम मोडते आणि 'नव्व्याण्णव' म्हणते.

आता पाचाचे आकडे पाहा, कारण बाजारातले बरेचसे भाव पाचाच्या पटीत असतात. पच्चीसला पंचवीस, पैंतीसला पस्तीस, पैंतालीसला पंचेचाळीस, पचपनला पंचावन्न, पैंसठला पासष्ट, पचहत्तरला पंचाहत्तर, पचासीला पंच्याऐंशी आणि पचानवेला पंच्याण्णव म्हणतात. शेवटचे दोन आकडे मोठ्याने दहा वेळा म्हणा. घाईघाईत बोललेले पंच्याऐंशी आणि पंच्याण्णव सारखेच वाटतात आणि त्यांत दहा रुपयांचे अंतर आहे. पन्नास म्हणजे पचास, ऐंशी म्हणजे अस्सी, नव्वद म्हणजे नव्वे. साठ आणि सत्तर दोन्ही भाषांत एकच आहेत.

मराठी आकड्यांची नावे अवघड आहेत, असे केवळ तुम्हांलाच वाटते असे समजू नका. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी सोपी नावे आली, तेव्हा महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. जोडाक्षरांची नावे लहान मुलांना जड जातात, असे गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी सांगितले. आपली जुनी नावे जातील, अशी भीती अनेकांना वाटली. दोन्ही बाजूंचे म्हणणे विचार करण्यासारखे होते. पण भाजीबाजारात अजून कोणी 'पन्नास तीन' म्हणत नाही, 'त्रेपन्न'च म्हणतात. म्हणून आपल्याला ही नावे शिकलीच पाहिजेत. आणि एखादा आकडा कळला नाही तर सरळ विचारा, "किती म्हणालात? पुन्हा एकदा सांगा ना, मावशी." यात लाज कसली? मोठी माणसेसुद्धा विचारतात.

लिहिलेल्या आकड्यांतही एक खोच आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. पण उर्दूतही संख्या डावीकडून उजवीकडेच लिहितात, त्यामुळे संख्येची दिशा बदलत नाही. घोटाळा होतो तो मराठी १ चा. तो इंग्रजी नऊसारखा दिसतो. भाजीच्या ढिगावर पाटी असते, '१० रु. जुडी'. घाईत एखाद्याला ते नव्वद वाटते आणि तो पुढे निघून जातो!

आता मापांकडे वळू. तराजूपुढे मराठी माणूस 'सातशे पन्नास ग्रॅम' असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, 'पाऊण किलो'. पाव म्हणजे २५० ग्रॅम, अर्धा म्हणजे ५००, पाऊण म्हणजे ७५०. पुढे सव्वा म्हणजे एक किलो २५० ग्रॅम, दीड म्हणजे दीड किलो आणि पावणेदोन म्हणजे एक किलो ७५० ग्रॅम. मग सव्वादोन, अडीच, पावणेतीन, सव्वातीन, साडेतीन असे चालते. साडेएक आणि साडेदोन असे शब्द नाहीत, त्यांच्या जागी दीड आणि अडीच आहेत. उर्दूतही अगदी असेच आहे. पाव, आधा, पौन, सवा, डेढ, ढाई, साढे. सख्ख्या बहिणींसारखे हे शब्द आहेत. 'पाऊण'मध्येही तोच 'ऊन' आहे. पाव कमी, तो पाऊण. दोनाला पाव कमी, ते पावणेदोन. म्हणजे 'एकोणसाठ' आणि 'पावणेदोन' ही दोन्ही कुलुपे एकाच किल्लीने उघडतात.

पावणेदोन आणि सव्वादोन यांत चूक झाली तर काय होईल? साठ रुपये भावाने पावणेदोन किलोचे १०५ रुपये होतात. सव्वादोन किलोचे १३५ होतात. तीस रुपयांची आणि अर्ध्या किलोची ही चूक आहे. रकमेतही हेच शब्द येतात. सव्वाशे म्हणजे १२५, दीडशे म्हणजे १५०, पावणेदोनशे म्हणजे १७५, अडीचशे म्हणजे २५०. येथे तर चूक आणखी महाग पडते.

हा हिशेब कागदावाचून कसा करायचा? किलोचा भाव निम्मा करा, मग त्याचा निम्मा करा. साठाचा निम्मा तीस, तो अर्ध्या किलोचा भाव. तिसाचा निम्मा पंधरा, तो पाव किलोचा. आता दोन किलोचे एकशेवीस झाले. पावणेदोन हवे, तर पाव किलोचे पंधरा कमी करा. झाले एकशे पाच. गुणाकार नको, दशांश चिन्ह नको. पूर्वीच्या शाळांत मुलांना यासाठी वेगळे पाढेच पाठ करावे लागत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी त्यांची नावे होती. साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणत. तुमच्या शेजारच्या एखाद्या आजोबांना दिडकी म्हणून दाखवायला सांगा. ते डोळे मिटून म्हणतील आणि मध्ये कोठेही थांबणार नाहीत. मला तर हे पाढे बंद झाल्याचे वाईट वाटते.

जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून काही जुनी मापे येतात. ती ऐकून गोंधळू नका. १ एप्रिल १९५७ पूर्वी आपल्या रुपयाचे सोळा आणे होते आणि एका आण्याचे चार पैसे होते. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर 'नवे पैसे' झाले. म्हणून आजही चार आणे म्हणजे पंचवीस पैसे, आठ आणे म्हणजे पन्नास पैसे. पंचवीस पैशांचे नाणे २०११ च्या जूनअखेर चलनातून गेले, पण 'सोळा आणे सच' हे बोलणे उर्दूतून गेले नाही आणि 'सोळा आणे खरे' हे मराठीतून गेले नाही. रुपया हा शब्द मात्र जुना आणि आजही चालता आहे. बादशहा शेरशाह सूरीने सोळाव्या शतकात चांदीचा 'रुपया' पाडला, त्याचे नाव आपण अजून घेतो.

वजनांतही असेच झाले. किलो येण्यापूर्वी शेर होता. ऐंशी तोळ्यांचा एक शेर, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. आज एखादी आजी "पावशेर मिरच्या दे" म्हणते, तेव्हा तिला पाव किलोच हवे असते. दुकानदारही पाव किलोच तोलतो. येथे कोणाचे नुकसान नाही. पण तोळ्याच्या बाबतीत सावध राहावे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज सराफाच्या दुकानात बहुतेक वेळा १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. जळगावचा सराफ बाजार प्रसिद्ध आहे. घरात लग्न असेल, तर मोठ्यांबरोबर तेथे जाण्याची वेळ तुमच्यावरही येईल. तेव्हा भाव किती ग्रॅमचा आहे, हे विचारायला विसरू नका. दीड ग्रॅम सोने म्हणजे थोडेथोडके नाही.

आता तराजू पाहू. काटा इलेक्ट्रॉनिक असेल, तर माल ठेवण्यापूर्वी त्यावर शून्य दिसले पाहिजे. टोपली किंवा भांडे ठेवून तोलत असतील, तर टोपली ठेवल्यावर पुन्हा शून्य करायला सांगा. साधा तराजू असेल, तर रिकामी पारडी सारखी आहेत का ते पाहा. दगड किंवा विटेचा तुकडा वजन म्हणून चालत नाही. लोखंडी वजनावर सरकारी शिक्का असतो. महाराष्ट्रात वैधमापनशास्त्र विभागाचे निरीक्षक वजने आणि काटे तपासून शिक्का मारतात. साधी वजने दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काटे दर वर्षी तपासून घ्यावे लागतात.

हे सांगितले म्हणून प्रत्येक भाजीवालीकडे संशयाने पाहू नका. पहाटे उठून टोपली भरून आणणारी बाई बहुधा वर दोन मिरच्या फुकट टाकते. तिच्याशी पाच रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणारी माणसे मोठ्या दुकानात छापील किंमत निमूट देतात, हे मला कधी पटले नाही. शून्य पाहणे हा आपला हक्क आहे. तो पाहताना आवाज चढवण्याची मात्र गरज नाही.

काही वस्तू तोलून मिळत नाहीत. मेथी, पालक, कोथिंबीर यांची जुडी असते. लिंबे नगावर मिळतात. मराठीत 'नग' म्हणजे वस्तूची संख्या. उर्दूत नग म्हणजे अंगठीतला खडा, तेव्हा हसू नका. संध्याकाळी उरलेल्या भाजीचे वाटे लावतात. 'वाटा' म्हणजे ढिगाचा एक भाग. आपल्या खान्देशात केळी भरपूर. घाऊक बाजारात ती क्विंटलवर जातात, हातगाडीवर डझनावर मिळतात आणि काही दुकानांत किलोवर मिळतात. मग स्वस्त कोणती? समजा, एक जण पन्नास रुपये डझन सांगतो आणि दुसरा चाळीस रुपये किलो. एक डझन केळी दीड किलो भरली, तर किलोच्या भावाने त्यांचे साठ रुपये होतील. म्हणजे डझनवाला स्वस्त. पण केळी लहान असतील आणि डझन एक किलोच भरत असेल, तर किलोवाला स्वस्त. म्हणून भाव ऐकताना आकड्याबरोबर 'कशाचा' हेही ऐकावे. किलोचा, डझनाचा, जुडीचा की वाट्याचा?

बंद पाकिटाची गोष्ट निराळी आहे. पाकिटावर निव्वळ वजन आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. तिला सगळे एमआरपी म्हणतात. या किमतीत सर्व कर आलेले असतात. दुकानदार त्याहून कमी घेऊ शकतो, जास्त घेऊ शकत नाही. "थंड करण्याचे दोन रुपये वेगळे" असे कोणी म्हणाले, तर ते नियमाला धरून नाही. दोन पाकिटांची तुलना करताना दोन्हींचा भाव एकाच वजनाला काढा. चहाचे १०० ग्रॅमचे पाकीट ५२ रुपयांना आणि २५० ग्रॅमचे १२० रुपयांना आहे, असे धरू. दहा ग्रॅमला पहिले ५ रुपये २० पैसे पडते आणि दुसरे ४ रुपये ८० पैसे. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते असे नाही, म्हणून भागाकार करून पाहावा. किंमत तीच ठेवून आतला माल कमी केलेली पाकिटेही असतात, तेव्हा वजनाचा आकडा वाचण्याची सवय लावा.

एका शब्दापाशी थोडे जास्त थांबू. तो शब्द 'हप्ता'. उर्दूत हफ्ता म्हणजे सात दिवस. मराठीत आठवड्याला 'आठवडा' म्हणतात आणि 'हप्ता' म्हणजे रक्कम थोडी थोडी करून देण्याचा एक भाग. उर्दूत त्याला आपण किस्त म्हणतो. दुकानदार म्हणतो, "सायकल हप्त्याने घेऊन जा." याचा अर्थ आठवड्याने घेऊन जा असा नाही. सायकल आज न्या आणि पैसे भागांत द्या, असा आहे. मग लगेच हिशेब करा. समजा, सायकलची रोख किंमत ४८०० रुपये आहे आणि हप्ता महिन्याला ४६० रुपये, बारा महिने. बारा गुणिले ४६० म्हणजे ५५२०. सायकल ७२० रुपयांनी महाग पडली. एवढे जास्त देऊन ती आजच हवी का, की थांबून घ्यायची, हे घरातल्या मोठ्यांनी ठरवावे. पण ७२० चा आकडा तुम्ही त्यांच्यासमोर मांडू शकता. कागदावर सही करणाऱ्या अब्बांना मराठी वाचता येत नसेल, तर तो कागद तुम्हीच वाचून दाखवायचा आहे. त्या दिवशी या विषयाचे गुण खऱ्या अर्थाने कळतात.

पैसे देताना नोट किती रुपयांची आहे ते मोठ्याने म्हणा. "हे घ्या पाचशे." म्हणजे पुढे शंभराची होती की पाचशेची, असा वाद होत नाही. आपल्या नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते. वरून आठवी ओळ मराठीची आणि शेवटची उर्दूची. वीस रुपयांच्या नव्या नोटेवर वेरूळच्या लेण्यांचे चित्र आहे. नोट हातात आली की दोन्ही ओळी वाचत जा, आकड्यांचा अभ्यास आपोआप होईल.

उरलेले पैसे मोजण्याची दुकानदारांची एक रीत आहे. ते वजाबाकी करत नाहीत, वर चढत जातात. वांग्यांचे १०५ झाले आणि तुम्ही २०० दिले. एकशे पाचवर पाच रुपये ठेवले की एकशे दहा, त्यावर नव्वद ठेवले की दोनशे. पाच आणि नव्वद, पंच्याण्णव परत. तुम्हीही असेच मोजा आणि दुकानासमोरच मोजा. सुटे नाहीत म्हणून कोणी चॉकलेट पुढे केले आणि ते तुम्हांला नको असेल, तर "मला पैसेच द्या" असे म्हणा. चॉकलेट हे चलन नाही. आणि दहा रुपयांचे नाणे कोणी नाकारले, तर सांगा की वेगवेगळ्या नक्षीची दहाची सर्व नाणी चालतात. हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

आता पुष्कळ ठिकाणी मोबाइलवरून पैसे देतात. यूपीआयची ही सोय २०१६ साली सुरू झाली. येथे तीन गोष्टी पुरे आहेत. आकडा टाकल्यावर तो वाचा, १०५ च्या जागी १०५० पडायला एक शून्य पुरते. ज्याला पैसे जाणार त्याचे नाव वाचा. आणि पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, फक्त देण्यासाठी लागतो. "पैसे पाठवतो, पिन टाका" असे कोणी म्हणाले, तर तो फसवतो आहे.

मोठी वस्तू घेतली, तर पावती मागून घ्या. वस्तू खराब निघाली तर पावतीशिवाय भांडता येत नाही. आपल्या देशात ग्राहकांसाठी वेगळा कायदा २४ डिसेंबर १९८६ ला झाला. त्याच्याही आधी, १९७४ साली, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले होते. आता २०१९ चा नवा कायदा आहे. तक्रार कोठे करावी हे कळत नसेल, तर १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो.

एक वही घाला. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च आणि खाली बाकी. तिन्ही शब्द तुमचेच आहेत. रोज दोन ओळी लिहा, मराठीत आणि अक्षरी आकड्यांत. 'वांगी पावणेदोन किलो, एकशे पाच रुपये.'

शेवटी एक उदाहरण देतो. ते वहीत करू नका, तोंडी करा. अम्मीने यादी दिली आहे. वांगी पावणेदोन किलो, आज भाव चाळीस रुपये. हिरव्या मिरच्या पाव किलो, भाव ऐंशी. कांदे पाऊण किलो, भाव अठ्ठावीस. कोथिंबिरीची एक जुडी, आठ रुपये. तुमच्याजवळ दोनशेची एक नोट आणि थोडा खुर्दा आहे. भाजीवाली हिशेब करते, नोट हातात घेते आणि म्हणते, "बेटा, वरचे एकोणीस सुटे आहेत का?"

तुम्ही खिशातून किती रुपये काढाल? आणि ती तुम्हांला कोणती नोट परत देईल?